कोकरू, करडू आणि इंग्रजीची क्रियापदे

(भवानी पेठ, सोलापूर येथील शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा वाढवून)



इंग्रजीच्या तासाला समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. गाईडात एक शब्द जाड ठशात असतो आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम देत देत सात-आठ शब्द उभे असतात. 'प्ले' म्हणजे खेळणे. त्याच्यापुढे फ्रॉलिक, गॅम्बोल, रोम्प, फ्रिस्क, केपर, प्रान्स, कॅव्हॉर्ट. मूल ही यादी एका दमात म्हणून दाखविते, घरी वडील खूश होतात, शाळेत आम्हीही 'शाबास' म्हणतो. मग एके दिवशी निबंधात वाक्य येते, की माझे आजोबा रोज फजरच्या नमाजनंतर बागेत 'गॅम्बोल' करतात.

यादीप्रमाणे पाहिले तर मुलाचे काहीच चुकलेले नाही. पण 'गॅम्बोल' हे कोकराचे क्रियापद आहे. शिवाय लिहिताना शेवटी 'ओ-एल' असले तरी त्याचा उच्चार 'गॅम्बल' असाच होतो, आणि शेवटी 'एल-ई' असलेला 'गॅम्बल' म्हणजे जुगार खेळणे. म्हणजे सत्तरीच्या नमाजी आजोबांना नातवाने एकाच वाक्यात कोकरासारख्या उड्या मारायला लावले आणि वाक्य मोठ्याने वाचताच जुगाराच्या अड्ड्यावरही नेऊन बसविले! आजोबांसाठी इंग्रजीत 'स्ट्रोल' हा साधा, अदबशीर शब्द आहे. पण तो 'वॉक'च्या यादीत होता आणि ती यादी पुढच्या आठवड्यात व्हायची होती.

हसण्याचा भाग सोडून देऊ. मला आज जे मांडायचे आहे ते एवढेच, की या क्रियापदांमध्ये अर्थ येण्याआधी एक शरीर येते. कोण हालते आहे, किती पायांवर हालते आहे, एकटे आहे की घोळक्यात, आणि पाहणाऱ्याला ते आवडले की खुपले, हे त्या शब्दातच भरलेले असते. ते काढून घेतले तर उरते फक्त 'खेळणे', आणि मग आठ शब्द पाठ करण्याऐवजी एकच केलेला बरा. दुसरी गोष्ट अशी, की हे भेद आपल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. ते घरच्या बोलीतून त्यांच्याजवळ आधीच आलेले असतात. आपण ते त्यांच्याकडून काढून घेत आहोत, ही माझी खरी तक्रार आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

शाळेच्या क्रीडास्पर्धांत तिहेरी उडी असते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव 'हॉप, स्टेप अँड जंप' असे आढळते. नियम असा, की हॉप घेताना ज्या पायावर उसळी घेतली त्याच पायावर उतरायचे. स्टेपमध्ये दुसऱ्या पायावर उतरायचे. आणि शेवटची जंप थेट वाळूत. पहिल्याच उडीत पाय बदलला तर पंच लाल निशाण वर करतो आणि उडी बाद होते. गाईडाच्या मते हॉप, स्किप, लीप, जंप ही सगळी भावंडे. मैदानावरचा पंच मात्र ते मानीत नाही. हॉप म्हणजे माणसाच्या बाबतीत लंगडी. आपल्या मुली खडूने चौकोन आखून खापरी सरकवीत जो खेळ खेळतात तो शुद्ध हॉप आहे. पाखराच्या बाबतीत हॉप म्हणजे दोन्ही पाय एकदम उचलून टुणकन मारलेली उडी. अंगणातली चिमणी नीट पाहा, ती चालत नाही, हॉप करते. तिच्या शेजारची साळुंकी मात्र एकेक पाऊल टाकीत ऐटीत चालते. आपल्या घरात चिमणीच्या या चालीला 'फुदकना' म्हणतात, आणि साळुंकीला कोणी 'फुदकती है' म्हणणार नाही. हा भेद आमच्या कोणत्या विद्यार्थ्याला ठाऊक नाही? पण इंग्रजीच्या वहीत दोघींनाही 'जंप'च मिळते.

स्किपमध्ये पाय आलटून-पालटून पडतात आणि प्रत्येक पावलाला एक छोटी उसळी असते. रस्त्यात दप्तर हलवीत, काही कारण नसताना उड्या मारीत जाणारी लहान मुलगी म्हणजे स्किप. दोरीवरच्या उड्यांनाही तोच शब्द. एखादा धडा मधेच गाळला तर तोही 'स्किप' केला म्हणतात, आणि हा अर्थ मात्र आमच्या विद्यार्थ्यांना कोणी न शिकविता अगदी बिनचूक समजलेला असतो.

आता करडाकडे येतो. बकरी ईदच्या आधी काही दिवस आपल्या पेठेतल्या गल्लीबोळांत दारोदार बकरे बांधलेले असतात, आणि पोरांचा अभ्यासाचा वेळ त्यांच्याभोवतीच जातो. तो वेळ फुकट जातो असे मला इंग्रजीचा शिक्षक म्हणून वाटत नाही. मोठा बकरा गंभीर असतो. पण कोणाकडे घरच्या शेळीचे करडू असेल तर त्याच्याकडे पाहत बसावे. उभ्या जागेवरून चारही पाय उचलून ते हवेतच अंग वळविते, ओट्यावर चढते, काहीही कारण नसताना खाली उतरते, पुन्हा चढते. हेच 'केपर'. लॅटिनमध्ये 'केपर' या शब्दाचा अर्थच बकरा असा आहे. इटालियन भाषेत करडाच्या उडीला 'काप्रिओला' म्हणत, घोड्याच्या कसरतीतल्या एका उडीलाही तेच नाव पडले, आणि इंग्रजीतले 'केपर' हे बहुधा त्याचेच आखूड झालेले रूप आहे. आजच्या इंग्रजाच्या डोक्यात हा शब्द वापरताना बकरा नसतो, तरी उडीतला विक्षिप्तपणा शब्दाला चिकटून राहिला आहे. म्हणूनच एखाद्याच्या उपद्व्यापालाही 'केपर' म्हणतात.

गॅम्बोल त्याहून मऊ. इटालियन 'गाम्बा' म्हणजे पाय, तंगडी. त्यावरून फ्रेंचमध्ये उडीला 'गांबाद' आणि तेथून इंग्रजीत गॅम्बोल. करडाच्या उडीत खोडी असते. कोकराच्या उडीत खोडी नसते, नुसता आनंद असतो. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळावर धनगरांचे कळप ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे अधिक सांगायला नको. इंग्लंड हा मेंढ्यांचा आणि लोकरीचा देश असल्यामुळे तिथल्या भाषेत कोकराला स्वतःचे असे क्रियापद मिळाले. आपल्या पेठेत सूत आणि माग यांच्यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे इंग्रजीच्या प्राध्यापकालाही येणार नाहीत. त्यातलाच हा प्रकार.

ओघात आले म्हणून सांगतो. मागावरचा धोटा दिवसभर इकडून तिकडे धावतो, त्याच्याइतके चपळ पेठेत दुसरे काही नाही. पण धोट्याला यांतले एकही क्रियापद लावता येणार नाही. त्याची धाव कामाची आहे. आज आपण ज्या शब्दांविषयी बोलतो आहोत त्या सगळ्यांना एक अट आहे, की त्या हालचालीतून काहीही निष्पन्न होता कामा नये.

फ्रिस्कला मराठीत एका शब्दाचा पर्याय नाही, पण एक वाक्प्रचार तंतोतंत बसतो: वारा प्यायलेले वासरू. अंगात जोम मावत नाही, शेपटी वर, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. मांजराचे पिल्लू आणि कुत्र्याचे पिल्लूही फ्रिस्क करते. पण विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते, की विमानतळावर प्रवाशांना 'फ्रिस्क' केले. तेथे कोणी उड्या मारीत नाही, पोलीस अंगझडती घेतात. हा दुसरा अर्थ अठराव्या शतकाच्या शेवटी बोलभाषेतून आला. अंगावरून हात झरझर फिरतात, एवढेच दोन्ही अर्थांतले साम्य.

फ्रॉलिकची गोष्ट निराळी आहे. हा शब्द सोळाव्या शतकात डच भाषेतून आला. मूळ शब्दाचा अर्थ 'आनंदी' असा, आणि इंग्रजीतही तो आधी विशेषण होता, क्रियापद नंतर झाला. त्यामुळे यात पाय महत्त्वाचे नाहीत, मन महत्त्वाचे आहे. मराठीतले 'बागडणे' याच्या सर्वांत जवळचे. फुलपाखरू बागडते, त्याला तर जमिनीवर पायही टेकवावे लागत नाहीत. मुले बागडतात. उर्दूत वाऱ्याची झुळूकही 'अठखेलियाँ' करते. तेथेही इंग्रज फ्रॉलिकच म्हणेल. परीक्षेसाठी एक सूचना: भूतकाळ करताना या शब्दाच्या शेवटी 'के' वाढवावा लागतो, पिकनिक या शब्दाप्रमाणेच. तो 'के' विसरला की अर्धा गुण गेला.

प्रान्स हा घोड्याचा शब्द. वरातीतला घोडा बँडच्या तालावर पुढचे पाय उंच उचलीत जागच्या जागी नाचतो ते प्रान्स. माणसाला हा शब्द लावला की टिंगल होते. नवरदेवाने तो आपल्यासाठी वापरू नये, घोड्यापुरता ठेवावा. कॅव्हॉर्ट हा अमेरिकेत १८०० च्या सुमारास रुळलेला शब्द, आणि त्यात पाहणाऱ्याची नाराजी असते. 'काय चालवलंय हे' असा सूर त्यात ऐकू येतो. स्कॅम्पर म्हणजे लहान पायांनी लगबगीने पळणे. उंदीर, खार आणि शाळा सुटल्यावर पहिलीचा वर्ग. या शब्दाचे मूळ बहुधा रणांगण सोडून पळ काढण्याच्या अर्थाचे आहे, हे शेवटच्या तासाला वर्गात उभ्या असलेल्या प्रत्येक शिक्षकाला पटेल.

रोम्पपाशी मात्र मला थोडे थांबायचे आहे. रोम्प म्हणजे घोळक्याने केलेला दंगा. त्यात पडणे-आपटणे असते, कपडे मळतात, आवाज होतो. आपल्याकडचे धुडगूस, धिंगामस्ती हे शब्द त्याच्या जातीचे. पण इंग्रजीत हा शब्द एके काळी नाम होता आणि तो मुलीला उद्देशून वापरीत. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. त्यात रोम्प म्हणजे आडदांड, वळण न लागलेली मुलगी अशा आशयाची नोंद आहे. मुलगा दंगा करी तेव्हा तो नुसता खेळत असे. मुलगी तेच करी तेव्हा तिला नाव पडे.

आपण इंग्रजांना हसायचे कारण नाही. 'हुंदडणे' हा मराठी शब्द घ्या. वासरू हुंदडते तेव्हा आपल्याला कौतुक वाटते. सहावीतला मुलगा हुंदडतो तेव्हा आपण कपाळाला हात लावतो आणि हसतो. पण सहावीतल्या मुलीला 'हुंदडू नकोस' असे म्हणतो तेव्हा आपला आवाज बदललेला असतो. मला प्रत्येक वर्षी वर्गात हे दिसते. पाचवीपर्यंत मधल्या सुट्टीत मैदानभर स्किप, हॉप आणि रोम्प करणाऱ्या मुली सातवीत भिंतीला टेकून उभ्या राहतात. आम्ही त्यांना पुस्तकातून हीच क्रियापदे शिकवितो आणि त्या ती चांगल्या अक्षरात लिहून घेतात. मैदान तेच असते, घंटाही तीच. पालकांनी याचा विचार करावा, विशेषतः मातांनी.

आता घरच्या भाषेविषयी. सोलापूरच्या मुलाइतके भाषेच्या बाबतीत भाग्यवान मूल मला दुसरे दिसत नाही. आपले मूल घरी दखनी बोलते, गल्लीत मराठी, शेजारच्या पद्मशाली घरातली तेलुगू त्याच्या कानावर असते आणि बाजारात कन्नड. आपल्या दखनीत 'नको'चे 'नक्को' झाले ते मराठीच्या सहवासानेच. तेलुगू घरातली आजी उड्या मारणाऱ्या नातवाला 'गंतुलु' नको म्हणते. कन्नडमध्ये 'कुणि' म्हणजे नाचणे आणि 'जिगि' म्हणजे उडी घेणे. मराठीत तान्हे मूल दुडूदुडू धावते, थोडे मोठे झाले की तुरुतुरु चालते, बेडूक टुणकन उडतो, मोर थुईथुई नाचतो, घोडा चौखूर उधळतो आणि रिकामटेकडा मुलगा गावभर उंडारतो. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती आली. त्या परदेशी माणसाने असले अनुकरणवाचक शब्दही आवर्जून टिपून ठेवले. आपण मात्र त्यांना 'बोलीतले' म्हणून वहीतून खोडतो.

या शब्दांत आणि इंग्रजी क्रियापदांत रचनेचा एक फरक आहे, तो ध्यानात घेतला तर निम्मी अडचण दूर होते. मराठीत क्रियापद साधे असते (धावणे, चालणे, नाचणे, येणे) आणि चालीची तऱ्हा आधीच्या शब्दात येते: तुरुतुरु, थुईथुई, उड्या मारीत. इंग्रजीत ती तऱ्हा क्रियापदाच्या पोटातच असते आणि दिशा मागाहून येणाऱ्या छोट्या शब्दात. 'ती उड्या मारीत वर्गात आली' याचे इंग्रजी करताना आमचे विद्यार्थी 'केम' शोधतात, 'जंप' शोधतात आणि दोन्ही एकत्र बांधतात. इंग्रज म्हणेल 'शी स्किप्ड इन्टू द क्लास'. 'आली' हा शब्दच नाही. 'इन्टू'ने तिला आत आणले. लेओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली निरनिराळ्या भाषांतील हा भेद पद्धतशीर मांडला. शिक्षकाला त्याचा सरळ उपयोग आहे: क्रियापदाला क्रियापद शोधू नये. 'दुडूदुडू धावणे' हे दोन शब्द मिळून 'टॉडल' हा एक शब्द होतो.

कधी कधी घरच्या बोलीत जो शब्द सहज सापडतो तो इंग्रजीला दूरदेशाहून आणावा लागतो. नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेले अभयारण्य आपल्या शहरापासून फार लांब नाही. तेथील गवताळ माळावर काळवीट आहेत. चाहूल लागली की एखादे हरीण चारही पाय एकदम उचलून ताठ वर उसळते, आणि मग सारा कळप तसाच उसळत निघतो. याला आपल्याकडे 'चौकडी भरना' म्हणतात, 'कुलाँचें भरना'ही म्हणतात. त्यातला 'कुलाँच' हा शब्द तुर्कीतून आलेला आहे. इंग्रजीला या उडीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेतून 'प्रॉन्क' आणि स्कॉटलंडच्या बोलीतून 'स्टॉट' असे शब्द घ्यावे लागले. पाहणाऱ्याला ही उडी खेळ वाटते. प्राणिशास्त्रज्ञांपैकी अनेकांचे मत असे, की हरीण त्या उडीतून लांडग्याला सांगत असते: मी धट्टाकट्टा आहे, माझ्यामागे लागू नकोस. म्हणून येथे फ्रॉलिक लिहिता येत नाही. पाडस आईभोवती तशीच उडी घेते तेव्हा मात्र लिहिता येते. उडी एक, शब्द दोन. आणि ते ओळखायला गाईड लागत नाही, डोळे लागतात.

माझी तक्रार आता सांगतो. पालक मला भेटतात आणि म्हणतात, "सर, आम्हाला इंग्रजी येत नाही, मुलाला घरी काय शिकवणार?" आणि मग मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरात 'जंप कर', 'रन कर', 'प्ले कर' असे सुरू होते. त्यामुळे इंग्रजीचे तीन शब्द येतात आणि घरचे तीस जातात. ज्या मुलाला फुदकना, उछलना आणि चौकडी यांतला फरक माहीत नाही, त्याला हॉप, स्किप आणि बाउंड यांतला फरक मी कशाच्या आधारावर समजावू? माझ्याजवळ दुसरा फळा नाही. इंग्रजी कमी येणाऱ्या आईने आपल्या बोलीत करडाची उडी वर्णन करून सांगितली, तर तिने माझा अर्धा तास घेतला असे मी समजेन. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुले इंग्रजीच्या तासाला खूप वर्षे बसतात. त्या तासांना घरून काहीतरी घेऊन यायला हवे.

सहावीच्या वर्गात आम्ही एक साधी वही सुरू केली आहे. डाव्या पानावर घरात किंवा गल्लीत ऐकलेला चालीचा शब्द, कोणत्याही भाषेतला. तो कोणाविषयी वापरला तेही लिहायचे. उजव्या पानावर इंग्रजी, ते वर्गात मिळून शोधायचे. डावे पान घरच्या मोठ्यांना विचारून भरायचे असते, म्हणून ही वही तुमच्यापर्यंत येईल तेव्हा 'हे काय इंग्रजी आहे का' म्हणून परत पाठवू नये. आतापर्यंत करडू, वासरू, चिमणी, खार आणि वरातीचा घोडा यांची पाने जुळली आहेत. एका मुलीने डाव्या पानावर मोर आणि 'थुईथुई' असे लिहिले आहे. समोरचे पान अजून कोरे आहे. प्रान्स लिहून पाहिले, पण मोराच्या जागी घोडा उभा राहिला. वाचकांपैकी कोणाला योग्य शब्द सुचल्यास शाळेच्या पत्त्यावर जरूर कळवावे.